पाऊल मीच पुसलं

बोरीची फांदी माझ्या कमरेला बांधली ती माझ्याच बानं. वेशीबाहेर, भर रस्त्याच्या कडेला, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत. त्यानं चार फांद्या उलटसुलट करून चाचपल्या, त्यातल्या त्यात कमी काट्यांची निवडली, सुंभाची गाठ मारली. माझ्या लुगड्यात एक काटा अडकला होता, तो बोटांनी चाचपून हळूच काढून टाकला. तेव्हा मी सतरा वर्षांची होते.

वेशीवरचा पहारेकरी खांबाला टेकून बघत होता. म्हणाला, "घट्ट बांध रे. परवा एकाची सुटली. निम्मी आळी शिंपडून घ्यावी लागली आम्हाला."

बा म्हणाला, "जी सरकार." आणि गाठ आणखी आवळली.

ही फांदी कशाला, ते तुम्हाला ठाऊक आहे पोरींनो, तरी सांगते. आम्ही महार. पेशव्यांच्या पुण्यात आमचं पाऊल मातीवर उमटलेलं राहता कामा नये. वरून एखादा सोवळ्यातला माणूस गेला तर तो बाटेल. म्हणून चालायचं, आणि मागून फांदीनं आपलं आपणच पुसत जायचं. आणि माझ्या बाचा धंदा काय होता? पावलं वाचायचा! चोराचा माग काढायचा. वाघोलीपासून लोणीपर्यंत कुठेही चोरी झाली की बाला बोलावणं यायचं. पाऊल बघून तो सांगायचा, माणूस केवढा, ओझं किती, घाईत होता की निवांत, लंगडतो की काय. दुसऱ्याची पावलं ओळखायची आणि स्वतःची पुसायची. तेव्हा मला यात काही वावगं वाटत नव्हतं हो. खरंच सांगते, नव्हतं वाटत.

त्या दिवशी मात्र माग दुसऱ्या कुणासाठी नव्हता. माझा दादा चावडीत कोंडलेला होता.

झालं असं. पेठेतल्या एका पंतांच्या वाड्यातून देवघरातली चांदीची भांडी गेली. आदल्या दिवशी दादा त्यांच्या मागच्या दारी सरपणाच्या मोळ्या टाकून आला होता. बस्स. एवढं पुरलं. चोर कोण, तर महाराचा पोरगा. पण परसात हौदाजवळच्या चिखलात चोराचं एक पाऊल उमटलेलं सापडलं होतं. पाऊल सापडलं की त्यावर टोपली पालथी घालायची आणि माग काढणारा येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही, ही जुनी रीत. पंतांनी टोपली घातली होती. ते पाऊल दादाचं नाही एवढं दाखवलं, की दादा सुटणार होता. त्या एका पावलावर त्याचा जीव टांगलेला होता.

आम्ही पहाटेच वेशीवर जाऊन उभे राहिलो. आत सोडेनात. सकाळी आणि दुपार कलल्यावर आम्हाला शहरात शिरायची बंदी. का, तर तेव्हा सावल्या लांब पडतात, आणि आमची सावली कुणाच्या अंगावर पडली की झालं. बानं हात जोडले. म्हणाला, "सरकार, माग सकाळच्या उन्हातच दिसतो. उन्हं डोक्यावर आली की जमीन सपाट दिसती. आता सोडा जी."

पहारेकरी हसला. "सावली पायाखाली आली की ये. चोर कुठं जातोय? तो तर चावडीत आहे."

सावली पायाखाली येईपर्यंत आम्ही उभे राहिलो. तुम्ही वाळूत शिकताय म्हणून तुम्हाला कळेल. पाऊल म्हणजे खळगा. ऊन तिरपं असलं की खळग्याच्या कडेला बारीकशी सावली धरते, आणि त्या सावलीत टाच दिसते, बोटं दिसतात, माणूस दिसतो. दुपारी ती सावली जाते. आमच्या सावलीला भिऊन त्यांनी चोराची सावली घालवली. पण त्यांना काय त्याचं!

आणखी एक गोष्ट होती, ती फक्त मला आणि दादाला माहीत. बाचे डोळे गेले होते. पुरते नाही, पण जवळचं सगळं धुरकट. तीन वर्षं झाली, माग मीच बघत होते. बा खाली वाकायचा, मी शेजारी वाकायची आणि त्याच्या कानात सांगायची. लोकांना वाटायचं, म्हातारा लेकीचा हात धरून चालतो.

पंतांच्या परसात आम्हाला मागच्या दारानं घेतलं. पंत वर ओट्यावर उभे. त्यांच्या घरची चारदोन माणसं, कोतवालीतला एक शिपाई. बानं जोहार केला. मग म्हणाला, "सरकार, येवढी फांदी सोडायला सांगा. माग हाय हितं, फांदीनं इस्कटंल."

पंत शांतपणे म्हणाले, "अरे, काय हे! फांदी तुमची पावलं पुसायला आहे. चोराचं पाऊल तुम्ही कशाला पुसाल?"

सगळे हसले. बा पण हसला थोडा. ते हसू मी अजून विसरले नाही. मोठ्यांनी चेष्टा केली की आपणही हसायचं, हे त्याला कुणी शिकवलं होतं कोण जाणे.

टोपली उचलली. मी गुडघे टेकले, गाल जमिनीला लावला, डोळ्यांवर पदराचा आडोसा धरला. दिसेना. मग एका बाजूनं ओंजळीनं थोडी सावली केली, आणि दिसलं. उजवं पाऊल. टाच गुळगुळीत, एकही भेग नाही. अंगठा शेजारच्या बोटाला चिकटलेला. पोरींनो, आपले पाय बघा. आपल्या टाचा फुटलेल्या, बोटं फाकलेली. जन्मात जोडा न घातलेले पाय. ते पाऊल जोड्यात वाढलेलं होतं. वाड्यातलं होतं!

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! दादा सुटला, असंच वाटलं. मी उठले, बाच्या कानाशी तोंड नेलं, सांगितलं. बाचा चेहरा उजळला. त्यानं पंतांकडे तोंड केलं आणि बोलायला सुरुवात केली, "सरकार, पोराला आणा हितं. त्याचं पाऊल ह्याच्याशेजारी ठेवून..."

तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "सोवळ्यात आहेत! सरक, सरक बाजूला!"

पंतांचा भाचा हौदावर अंघोळ करून, सोवळं नेसून घरात निघाला होता. घरापर्यंत फरसबंद वाट होती. ती सोडून तो चिखलाच्या कडेनं आला, थेट आमच्या अंगावर.

आणि मी सरकले.

कुणी ढकललं नाही मला. कुणी हात लावला नाही, लावणारच नव्हते. मी विचारही केला नाही. ओरडा कानावर पडला आणि पाय आपोआप मागे गेले, जन्मापासून जात होते तसे. दोन पावलं मागे, एक बाजूला, अंग चोरून, मान खाली. मान खाली होती म्हणूनच मला दिसलं. माझ्या कमरेची फांदी त्या पावलावरून गेली होती. टाच नाही, अंगठा नाही. नुसते काट्यांचे ओरखडे.

भाचा फरशीवर चढला. त्याचे पाय ओले होते. फरशीवर उमटलेलं ओलं पाऊल मी बघितलं. तीच गुळगुळीत टाच, तोच चिकटलेला अंगठा. मी जन्मात पहिल्यांदा वाड्यातल्या माणसाच्या तोंडाकडे बघितलं. तो माझ्या फांदीकडे बघत होता. मग आत गेला. ऊन कडक होतं, बघताबघता फरशी वाळली.

बाला काय झालं ते दिसलंच नव्हतं. तो अजून बोलतच होता. मी म्हणाले, "बा, पुसलं."

"काय पुसलं?"

"पाऊल. माझ्याकडनं पुसलं, बा."

पंत ओट्यावरून खाली वाकून बघू लागले. बराच वेळ बघितलं. मग शिपायाला म्हणाले, "बघितलंत? सख्खा भाऊ आहे ना तिचा. पुरावा पुसायलाच आली होती."

मी ओरडले. "न्हाई जी! माझ्या भावाचं न्हवतंच त्ये पाऊल!"

"मग पुसलंस का?"

काय सांगणार होते मी? तुमचा माणूस आला म्हणून सरकले, हे सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे दोष आमचाच." पुन्हा सगळे हसले. भाच्याचं पाऊल मी बघितलंय, हे माझ्या ओठावर आलं होतं. बानं माझं मनगट इतकं दाबलं की वळ उठला. बोलले असते तर चावडीत दोघं गेलो असतो, एवढंच त्याला कळत होतं. मी गप्प बसले. ते गप्प बसणं मला अजून माफ करता येत नाही.

दादाला बेडी घालून कुठल्याशा गडावर दगड फोडायला धाडलं. जाताना रस्त्यात भेटू दिलं नाही. मी लांबून बघितला. त्यानं वळून हात वर केला, बेडीमुळे अर्धाच वर आला. वर्ष उलटायच्या आत निरोप आला की तो गेला. कशानं गेला, कुठे पुरला, काही नाही. एका ओळीचा निरोप. आईला गावच्या चावडीत बोलावून सांगितला, तेही बाहेर उभं करून. ती घरी येऊन चुलीपुढे बसली आणि भाकरी करायला लागली. पाच भाकरी केल्या. आम्ही चौघं असताना पाच लागायच्या.

तो भाचा पुढे कोकणात नातेवाइकांकडे धाडला. का धाडला ते पेठेत शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

बा मला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. मरायच्या आधी एकदाच म्हणाला, "तुझी नजर चुकली न्हाई, पोरी. पाय चुकलं."

मी त्यावर किती वर्षं विचार केला! मला मुंगीची वाट दिसायची. वाळूवरून गेलेली घोडी गाभण आहे की नाही ते मी सांगायची. जग बघत होते, आणि माझेच पाय कुणाच्या हुकमानं चालतात ते कधी बघितलं नव्हतं. लोकांनी भीती आपल्या अंगात कुठे घालून ठेवली आहे? मनात नव्हे हो. मन तेव्हा आनंदानं नाचत होतं माझं. पायांत घातली होती. मग मी स्वतःलाच न्याहाळायला लागले. कुणी खाकरलं की माझी मान कुठे जाते. कुणी हाक मारली की आवाज कसा बारीक होतो. हसायचं कारण नसताना मी कधी हसते. दिवसभर बघायची आणि संध्याकाळी बसून रडायची. इतकं सगळं सापडायचं.

दादा गेल्यावर तीन वर्षांनी कोतवालीतला तोच शिपाई महारवाड्यात आला. दुसऱ्या कुठल्या वाड्यात चोरी झाली होती, आणि माग काढणारं धड माणूस शहराच्या आसपास उरलं नव्हतं. पंतांच्या परसात पाऊल मीच वाचलं, हे त्यानं बघितलं होतं. मी खोपटापुढच्या बोळात उभी होते. बोळ अरुंद. त्यानं लांबूनच काठी हलवली. "सरक बाजूला, मला येऊ दे."

पाय निघाले. खरं सांगते, निघालेच. टाच उचललेली मला कळली. मी ती परत खाली टेकवली.

"बहिरी आहेस का? सरक!"

मी म्हणाले, "न्हाई."

काठी खांद्यावर बसली. दुसरी पाठीवर. शेजारच्या बाया ओरडत होत्या, "अगं सर की मेले, सर!" माझ्या पायांना कापरं भरलं होतं, पण होते तिथेच होते. शेवटी तोच थांबला. मारून मारून काय करणार? त्याला माझी नजर पाहिजे होती.

मी म्हणाले, "दिवस उगवताना येईन. फांदी बांधणार न्हाई. कुणी आलं म्हणून हलणार न्हाई. आणि जे दिसंल त्ये मोठ्यानं सांगीन, मग पाऊल कुणाचं का असंना."

"असं कुठं असतं काय? कोण घेईल तुला आत?"

"मग चोराला जेवू घाला घरात."

तो गेला. आम्हाला महिनाभर वेशीतून आत सोडलं नाही. महारवाड्यातल्या आपल्याच माणसांनी मला शिव्या घातल्या, त्यांची कामं बुडाली. मी ऐकून घेतल्या. पुन्हा बोलावणं आलं, तेव्हाही हेच सांगितलं. आजवर मी शहरात माग काढलेला नाही. पुण्यातले कितीतरी चोर माझ्यामुळे सुटले असतील. सुटू देत.

तुम्ही सातजणी माझ्याकडे नजर शिकायला येता. वाळूत उमटलेलं सगळं मी तुम्हाला शिकवीन, हातचं काही राखणार नाही. पण ते नंतर. आधी आठ दिवस फक्त स्वतःचे पाय बघायचे. कुणी ओरडलं की ते कुठे पळतात, ते बघायचं आणि मला येऊन सांगायचं. जिला ते धरून ठेवता येणार नाहीत, तिला मी कुणाच्या पावलाजवळ जाऊ देणार नाही. माझा एक भाऊ गेला. दुसऱ्या कुणाचा जाऊ देणार नाही.