दाजींचा इंजिनवाला सर्फबोर्ड

मंडळी, आज दुपारी आमच्या दाजींचा इंजिनवाला सर्फबोर्ड धरणात मधोमध बंद पडला अन् उलटला. वर माझी ताई होती. तिला पोहता येत नाही. लाइफ जॅकेट होतं म्हणून वाचली. मासे धरणाऱ्यांनी तिला होडीत ओढून घेतलं अन् बोर्डही काठाला आणला.

दाजी काठावर बोर्डाला ओरखडा आलाय का, ते बघत होते!

मी इंजिनचं झाकण उघडलं. प्लग काजळीनं काळाकुट्ट, पाणी आत खेचायची जाळी शेवाळानं गच्च.

"दाजी, सर्व्हिसिंग कधी केली?"

"दर रविवारी पॉलिश मारतो की!"

ताई लाइफ जॅकेट काढत म्हणाली, "मला तुझ्या गाडीतून घरी ने."

आत्ता दाजींनी बोर्डासोबतचा फोटो टाकलाय, 'लाटांचा राजा'. लई लाइक पडलेत. लाइकवाल्यांनो, तुमच्या बहिणीला बसवाल का त्या बोर्डावर?