कदमांची काजळ

कदमवहिनींचा फोन आला तेव्हा मी अल खुवैरच्या ऑफिसात मीटिंगला बसले होते. फोन घेतला नाही. मग त्यांचा मेसेज आला, दोनच शब्दांचा. ‘हे गेले.’ मी उठले, खाली पार्किंगमध्ये जाऊन गाडीत बसले आणि एसी लावून नुसती बसून राहिले. रडू आलं नाही. राग मात्र आला, आणि तो नेमका कुणाचा ते अजून ठरवता आलेलं नाही. जयवंत कदम, गाव खेडजवळचं, मस्कतमध्ये क्रेनच्या देखभालीचे सुपरवायझर, माझे मित्र आणि त्याहून जास्त माझे प्रतिस्पर्धी... घशाच्या कॅन्सरनं गेले. इथून आपली माणसं कशी परत जातात ते मी आजवर ऐकून होते, या वेळी पाहिलं. विमानतळावर वहिनी प्रवाशांच्या दारानं आत गेल्या आणि कदम कार्गोच्या. पेटी ज्या ट्रॉलीवरून गेली तिच्यावर आधी बहुतेक भाजीची खोकी असावीत, कोपऱ्यात कोथिंबिरीची एक काडी चिकटलेली होती. मला आयुष्यात एकदाही जिंकू न देणाऱ्या माणसाला मी असा निरोप दिला.

प्रतिस्पर्धी कसले, ते सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल ऑफिसातली बढती. आम्ही दोघं कुत्र्यांच्या स्पर्धेत उतरायचो. दिसण्याच्या नव्हे, कामाच्या. बॉर्डर कॉली ही मेंढ्या वळणारी जात. मैदानाच्या एका टोकाला खुंट रोवलेला असतो, त्याच्याशी मालकानं उभं राहायचं. लांबवर सोडलेल्या चार-पाच मेंढ्या कुत्र्यानं गोळा करायच्या, फाटकांमधून खुंटापर्यंत आणायच्या आणि मग वाड्यात घालायच्या. मालकाजवळ दोनच गोष्टी, आवाज आणि शिट्टी. बाहेरून कुणी मदत केली की बाद. ओमानात हे कुठलं, असं सगळे विचारतात. बरकाजवळ सालिम नावाच्या ओमानी गृहस्थाची शेती आहे, खजुरांच्या पलीकडे मोकळा माळ. त्याला हा नाद तिथल्या गोऱ्या मंडळींनी लावला. ते आपापल्या देशी परतले, नाद राहिला. थंडीत शुक्रवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, आम्ही दहा-बारा वेडे तिथे जमतो.

कदमांनाही हे दुखणं साहेबाकडूनच लागलं. त्यांचा इंग्रज साहेब नोकरी संपवून निघाला आणि जाताना आपली म्हातारी कुत्री यांच्या गळ्यात बांधून गेला. काजळ तिच्या शेवटच्या पिलांतली. अंगानं किरकोळ, पूर्ण काळी, छातीवर तेवढा पांढरा पट्टा. माझा बंड्याही जातीचा कॉलीच, पण स्वभावानं सरकारी. मेंढ्या दिसल्या की आधी विचार करायचा. काजळ विचार करायची नाही. कदमांनी जिभेखाली दोन बोटं घालून शिट्टी मारली की ती माळाच्या पार टोकाला असली तरी त्या आवाजाला दोरी बांधल्यासारखी वळायची. ही शिट्टी त्यांनी लहानपणी गावाकडे गुरांमागे फिरताना कमावलेली. मला ती कधी जमली नाही, म्हणून मी परदेशातून पत्र्याची मागवली होती.

“बाई, ती कुकरला बसवा. वरण तरी वेळेवर शिजेल,” ते म्हणायचे.

“अहो कदम, मेंढरांत वावरून तीच बोटं तोंडात घालता. आधी हात धुवा,” मी म्हणायची.

असं आमचं चालायचं. बक्षीस म्हणजे सालिमकडची खजुराची पेटी. दर वर्षी ती कदमांच्या गाडीत जायची आणि संध्याकाळी त्यातले निम्मे वहिनी माझ्या घरी पाठवायच्या. त्या खजुरांचा मला संताप यायचा. खायची मात्र सगळे.

मग एका हिवाळ्यात त्यांचा आवाज बसला. धुळीनं, म्हणाले. इथे सगळं धुळीवर घालता येतं. पुढच्या थंडीपर्यंत तपासण्या, सुया, किरणं सगळं होऊन शेवटी डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढलं. मानेला पुढून एक भोक राहिलं, श्वास तिथून. बोलणं जाणार हे आम्ही सगळे धरून चाललो होतो. पण तोंडात वाराच येणार नाही म्हटल्यावर शिट्टीही गेली, हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. बहुधा त्यांच्याही नाही. दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनी पहिल्यांदा गच्चीत जाऊन जिभेखाली बोटं घातली, असं वहिनींनी सांगितलं. गालच नुसते हलले. नंतर मानेला लावून बोलायचं एक यंत्र मिळालं. त्यातून घुंघुं करत सपाट आवाज यायचा. त्यांनी त्यावरून “काजळ” अशी हाक मारली तर ती कान पाडून मागे सरकली आणि मालकावर भुंकायला लागली. कदमांनी यंत्र कपाटात टाकलं, ते पुन्हा काढलं नाही. त्यानंतर ते सगळं फोनवर टाइप करूनच बोलायचे.

दुखणं परत उलटलंय हे कळलं तेव्हा त्यांनी मला आपल्या अल हैलच्या घरी बोलावलं आणि फोन पुढे केला. ‘काजळ तुम्ही घ्या.’

इथे एक सांगायला हवं. या जातीच्या कुत्र्याला काम नसलं की ते बिघडतं. आमच्याच क्लबातल्या एकाची कुत्री तो गेल्यावर एका फ्लॅटमध्ये दिली होती. चांगली माणसं होती, जीव लावत होती. पण तिला ऐकू यायची ती एकाच माणसाची आज्ञा आणि तो माणूस नव्हता. तिनं मग रस्त्यावरच्या गाड्या वळायला सुरुवात केली, आणि एका गाडीखाली गेली. तिला रस्त्यावरून उचलून चादरीत गुंडाळून आणलं होतं कदमांनी. म्हणूनच ते आता काय मागत होते ते मला न सांगता समजलं. काजळला दुसऱ्या माणसाचं ऐकायला शिकवायचं होतं, आणि तेही ते असेपर्यंत.

“मला तुमची कुत्री नको,” मी म्हणाले. “मला तुम्हाला हरवायचंय.”

त्यांनी टाइप केलं, ‘मग लवकर करा.’

आम्ही लागलो. सकाळी बरका, मी खुंटाशी, आणि शेजारी मानेला पांढरं फडकं बांधलेले कदम. त्यांच्या शिट्टीची प्रत्येक चाल मला माझ्या पत्र्यातून काढायची होती. ते तळहात वर न्यायचे तिथे सूर वर, खाली आणायचे तिथे खाली, मूठ मिटली की बंद. चुकले की कपाळाला हात लावायचे. आणि काय सांगू, काजळ ऐकायला लागली! डावीकडून, उजवीकडून, थांब, पुढे हो. पंधरवड्यात ती माझ्या शिट्टीवर मेंढ्या वाड्यात घालायला लागली. मी हवेत होते. कदम वाळत चालले होते, चालताना गाडीचा आधार घ्यायचे, पण डोळ्यांत समाधान दिसायचं. मोसमातली शेवटची स्पर्धा मी काजळला घेऊन खेळायची, असं ठरलं.

त्या सकाळी शिट्टी देणाऱ्याशिवाय खुंटाशी कुणालाच थांबता येत नव्हतं, म्हणून कदम मागे दोरीपलीकडे, सालिमनं आणून दिलेल्या खुर्चीवर बसले. मी काजळला सोडलं. तिनं लांबून फार सुंदर वळसा घेतला. मेंढ्या उठल्या, पहिल्या फाटकातून आल्या. मग ती थांबली. माझ्याकडे पाहिलं... म्हणजे माझ्या शेजारी पाहिलं, जिथे रोज ते असायचे. मी शिट्टी दिली. पुन्हा दिली. तिनं मान फिरवली, दोरीपलीकडची खुर्ची शोधली, आणि सगळ्या मेंढ्या माझ्या अंगावरून, खुंटाला वळसा घालून, सरळ दोरीशी नेऊन कदमांच्या पुढ्यात उभ्या केल्या. मग पोट जमिनीला लावून बसली आणि त्यांच्या हाताकडे बघत राहिली. कुणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. परीक्षकानं हात वर केला, बाद.

कदमांनी तिला हात लावला नाही. फोन काढून बराच वेळ टाइप करत होते. ‘ती तुमची शिट्टी ऐकत नव्हती. माझा हात बघत होती. आपण दोघं गाढव.’

खरंच होतं. मला सूर दाखवायला ते हात हलवायचे आणि ती लांबून तो हात वाचायची. शिकले ते मी, ती जिथल्या तिथेच होती. इतक्या वर्षांची दोन जाणती माणसं, आणि आमच्यातल्या एकालाही हे दिसलं नाही.

सालिम त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “कदमभाई, खलास. अगले साल, इन्शाल्ला.” कदमांनी मान हलवली. पुढचं साल नव्हतं हे सालिमलाही माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मेसेज आला. ‘तिला घेऊन जा. मी आता तिला दिसणार नाही.’ मी तशीच त्यांच्या घरी गेले आणि भांडले. आजारी माणसाशी भांडू नये म्हणतात, पण आमची रीतच ती होती. म्हटलं, “अहो, थोडेच दिवस उरलेत, ते तरी तिच्यासोबत काढा. नंतरचं मी बघते.” त्यांनी टाइप केलं, ‘नंतर ती दारात बसेल. वाट बघत. खाणार नाही. मी मेलोय हे तिला कोण सांगणार?’ आणि मग खाली आणखी एक ओळ. ‘तिनं मला विसरायला हवं. मी आहे तोवर. चुकलं तर दुरुस्त करता येईल.’

माझ्या हातात साखळी त्यांनी दिली. दार त्यांनी लावलं. काजळ जिन्यात बसली ती उठेना, तिला उचलून खाली आणावं लागलं. वर दाराच्या भिंगातून ते बघत होते की नव्हते, मला माहीत नाही.

तिनं सुरुवातीला अन्न सोडलं. नंतर बंड्याच्या ताटलीतलं चोरून खायला लागली. मी रोज माळावर नेत होते आणि व्हिडिओ कदमांना पाठवत होते. त्यांची उत्तरं यायची, ‘शिट्टीला उशीर.’ ‘अजून मागे बघते.’ ‘मागे बघते.’ या दोन शब्दांची मला धास्ती बसली होती, कारण ते खरे असले की आणखी एक दिवस वाया, आणि दिवस त्यांचे जात होते. मग एका सकाळी मी शिट्टी दिली आणि ती गेली. थांबली नाही, शेजारी पाहिलं नाही, दोरीकडे पाहिलं नाही. मेंढ्या माझ्या पायाशी आणून माझ्या तोंडाकडे बघत बसली. व्हिडिओ पाठवला. दुपारपर्यंत उत्तर नाही. मग एक शब्द आला, ‘झाली.’ त्यांचा मला आलेला तो शेवटचा मेसेज.

दवाखान्यातलं मला वहिनींनी नंतर सांगितलं. पडल्या पडल्या त्यांचा उजवा हात चादरीवर वर जायचा, खाली यायचा, मूठ मिटायची. नर्सला वाटायचं पाणी हवंय. ती पाणी आणायची आणि ते मान फिरवायचे. वहिनींना कळायचं. त्यांनी विचारलं, “काजळला खाली पार्किंगला आणायला सांगू का? खिडकीतून बघा नुसती.” कदमांनी नाही म्हटलं. वहिनींनी दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा त्यांनी डोळे मिटून घेतले. मी तिथे असते तर त्यांना न विचारता आणलं असतं. आणि सगळं मातीत घातलं असतं, हेही कळतं मला. पण आणलं असतं.

गावाकडचं सगळं उरकून वहिनी गेल्या आठवड्यात घर आवरायला परत आल्या. फोन करून म्हणाल्या, “एकदा आणा हो तिला. आता काय बिघडणार आहे?” मी घेऊन गेले. बैठकीत खोकी बांधून ठेवलेली, भिंतींवर काढलेल्या फ्रेम्सचे चौकोन. आतल्या खोलीतला त्यांचा पलंग मात्र वहिनींनी अजून मोडला नव्हता, उशीला अभ्रा तोच होता. काजळ दारात थबकली. मग नाक जमिनीला लावून आत शिरली, पलंगाच्या एका बाजूनं गेली, दुसऱ्या बाजूनं आली, पुढचे दोन पाय गादीवर ठेवून तिनं उशीचा वास घेतला. फार वेळ घेतला. वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या. काजळ पलंगाखाली शिरली आणि अंग मुडपून बसली. मला वाटलं, आता ही इथून उठत नाही. खरं सांगते, तिनं उठू नये असंच वाटत होतं मला. एका तरी जिवानं त्यांच्यासाठी हट्ट धरावा...

“बोलवा,” वहिनी म्हणाल्या.

“राहू दे की थोडा वेळ.”

“नाही, बोलवा. मला बघायचंय.”

मी शिट्टी ओठांत धरून अगदी हलकेच वाजवली. काजळ तत्क्षणी पलंगाखालून बाहेर आली, माझ्या डाव्या पायाशी येऊन बसली आणि वर बघायला लागली, पुढचं काम काय म्हणून. मागे एकदाही वळली नाही.

काम बरोबर झालं की लगेच शाबासकी द्यायची असते, नाहीतर शिकवलेलं टिकत नाही. माझा हात उचलला गेला नाही. मग वहिनीच खाली वाकल्या, तिच्या डोक्यावरून हात फिरवत “शहाणी गं माझी बाय, शहाणी” म्हणाल्या, आणि तशाच तिथे फरशीवर बसून रडल्या.