चारच्या सुमारास

गेल्या जानेवारीतल्या दुसऱ्या सोमवारी शेजारच्या सिस्टर रत्नागिरी सोडून वसईला भाचीकडे राहायला गेल्या. त्याआधीचे सात आठवडे त्या दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी साडेदहाला माझ्याकडे येत होत्या. या काळात माझ्या घरात दुसरं कोणी आल्याचं आठवत नाही. गॅस सिलिंडरवाला एकदा आला होता.

सिस्टर निवृत्त परिचारिका. वय एकोणऐंशी, अविवाहित, धर्माने ख्रिस्ती. मी निवृत्त उपसंपादक, विधुर, देवळात न जाणारा हिंदू. दोन घरांच्या मध्ये चिऱ्यांचा कमरेएवढा गडगा आहे. मी इथे राहायला आलो त्याला चार वर्षं झाली होती. तेवढ्या काळात आमचं बोलणं नळाला पाणी आलं का आणि वीज कधी गेली, याच्या पुढे गेलं नव्हतं.

नोव्हेंबरातल्या एका मंगळवारी त्या दोनशे पानी वही घेऊन दारात उभ्या राहिल्या. चर्चमधल्या पाच बायका गुरुवारी त्यांच्याकडे जमत. त्यांना सांगण्यासाठी सिस्टरांनी टिपणं काढली होती. विषय एकच होता: येशूने कामाला सुरुवात केली तेव्हा जी माणसं त्याला पहिल्यांदा भेटली, त्यांना तो कोण हे कसं कळलं. अशा सहा भेटी वहीत होत्या. सिस्टरांचा डावा डोळा काचबिंदूने गेला होता आणि उजवाही टिकणार नव्हता. जानेवारीत भाची न्यायला येणार होती. त्याआधी वही तपासून, टाइप करून त्या पाचजणींना द्यायची होती.

"तुम्ही पेपरात होतात ना? शुद्धलेखन बघा. जिथे पाल्हाळ असेल तिथे कापा."

"मला यातलं काही ठाऊक नाही."

"म्हणून तर आले. त्या पाचजणींना सगळं ठाऊक आहे. त्या नुसत्या माना डोलावतात."

मी वाचायचं, त्यांनी ऐकायचं आणि मी पेन्सिलीने दुरुस्त करायचं, असं ठरलं. पहिल्याच आठवड्यात मी एक चूक केली. वहीच्या सुरुवातीला माझ्या मनाने एक वाक्य घातलं: देवाचा पुत्र असलेल्या येशूला आरंभी भेटलेल्या माणसांची ही हकीकत. शुक्रवारी ते वाचून दाखवलं.

"हे कोणी लिहिलं?"

"मी. माणूस कोण ते पहिल्या ओळीत लागतं."

"काढा."

"बायबलातल्या एका शुभवर्तमानात पहिल्या ओळीतच तसं आहे. मी काल पाहिलं."

"ते वाचणाऱ्याला सांगितलंय. नदीवर उभ्या असलेल्या माणसांना कोणी सांगितलं होतं? त्यांच्या बाजूने लिहायचंय हे, संपादक."

"उपसंपादक."

"तेच ते. काढा."

मी ते वाक्य खोडलं.

पहिली भेट त्याच नदीवरची होती. बाप्तिस्मा देणारा योहान शिष्यांसोबत उभा असताना येशू जवळून गेला. योहानाने त्याच्याकडे बोट दाखवलं. दोन शिष्य योहानाला सोडून त्याच्या मागे चालू लागले. त्याने वळून विचारलं, काय पाहिजे. आपण कुठे राहता, एवढंच त्यांनी विचारलं. या आणि बघा, असं तो म्हणाला. ते गेले आणि तो दिवस त्याच्याकडे राहिले. त्यानंतर मजकुरात दहावा तास अशी वेळ दिली आहे. त्या काळी तास सूर्योदयापासून मोजत, म्हणजे दुपारचे चार, असं सिस्टरांनी समासात लिहिलं होतं.

मी पेन्सिल खाली ठेवली. दोन माणसं एका अनोळखी माणसाच्या घरी जातात आणि त्यातला एक बाहेर पडून भावाला सांगतो की आम्हाला मसीहा, म्हणजे देव पाठवणार होता तो तारणारा, सापडला. घरात काय बोलणं झालं, याची एक ओळही नाही. वेळ मात्र दिलेली. बातमीदाराने अशी बातमी आणली असती तर मी परत पाठवली असती, असं मी म्हणालो.

सिस्टर म्हणाल्या, "मी बेचाळीस वर्षं वेळा लिहिल्या. मूल जन्मलं ती वेळ, माणूस गेला ती वेळ. नंतर नातेवाइकांना विचारा, त्या वेळी कोण काय बोललं? नाही सांगता येत. वेळ सांगतात. मिनिटासकट सांगतात."

त्या दिवशी त्या साडेबारापर्यंत बसल्या.

दुसरी भेट कफर्णहूम गावच्या सभास्थानातली, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनाघरातली. येशू शिकवत असताना अशुद्ध आत्मा लागलेला एक माणूस ओरडला. तू कोण आहेस ते मला ठाऊक आहे, देवाचा पवित्र पुरुष, असं तो म्हणाला. येशूने त्याला गप्प राहायला सांगितलं. इथे माहिती खरी होती आणि ती नाकारली गेली. मला हे समजायला वेळ लागला नाही. आमच्या कार्यालयात एक फोन नियमाने यायचा. बोलणारा नाव सांगत नसे. शहरातल्या एका माणसाबद्दल तो जे सांगे ते पुढे खरं निघायचं. वरिष्ठांनी त्याची एक ओळ कधी छापू दिली नाही. माहिती बरोबर आहे, पण याच्या तोंडून नको, असं ते म्हणत. हे मी सिस्टरांना सांगितलं. त्यांनी ते वहीच्या समासात माझ्याकडूनच लिहून घेतलं.

सहा भेटींचं काम तीन आठवड्यांचं होतं. तिसऱ्या आठवड्यात मी एक पान मुद्दाम तपासलं नाही. डोकं दुखत होतं, असं सांगितलं. ते दुखत नव्हतं. पुढच्या शुक्रवारी टाइप केलेला मजकूर उडाला, असं सांगितलं. तोही उडाला नव्हता. नोकरीच्या छत्तीस वर्षांत मी छपाईला पान उशिरा सोडलं नव्हतं. मंगळवार आणि शुक्रवार सोडले तर इतर दिवशी मी चहाला एकच कप काढत असे.

कोळ्यांच्या भेटीच्या दिवशी मासेवाली आली. ती सिस्टरांच्या दारात हाक मारून, उत्तर न मिळाल्यावर, पाटी घेऊन माझ्या अंगणात आली. मी वाचत होतो ते तिने उभ्याने ऐकलं. शिमोन आणि त्याचे सोबती रात्रभर जाळी टाकून रिकाम्या हाताने परतले आहेत. किनाऱ्यावर जाळी धुतायत. येशू, हा सुतार, शिमोनाला म्हणतो की होडी खोल पाण्यात ने आणि पुन्हा जाळी टाक.

"आवो भाऊ, थांबा," ती म्हणाली. "जाळी धुतल्यावर? दिवसाउजेडी? आनि सांगनारा सुतार?"

"हो."

"माझा घोव असता तर त्या सुताराला रंधा दाखवला असतान, जा तुझं काम कर म्हनून. मग? तो गेलो?"

"गेला. तू म्हणतोस म्हणून टाकतो, असं म्हणाला."

ती पाटी खाली ठेवून पायरीवर बसली. "मग आदी कायतरी झालेलं असनार. रातभर जागलेला तांडेल उगाच नाय जात. आदी काय झालं ता बगा."

मी मागचं पान उलटलं. तिचं बरोबर होतं. त्याआधी येशू शिमोनाच्या घरी गेला होता. शिमोनाच्या सासूला कडक ताप होता आणि त्याने तो उतरवला होता.

"सासू बरी केलीन!" मासेवाली हसायला लागली. "मग काय करेल बिचारा. बायको घरात ठेवील का, नाय गेला तर?"

सिस्टर इतक्या हसल्या की त्यांना चष्मा काढावा लागला. पुढचं मी वाचलं. जाळी फाटायला आली, दुसऱ्या होडीला खुणेने बोलवावं लागलं, दोन्ही होड्या बुडायच्या बेताला आल्या. शिमोन येशूच्या पाया पडला आणि माझ्यापासून दूर जा, मी पापी माणूस आहे, असं म्हणाला. यावर मासेवाली हसली नाही. "घाबरलो असंल," ती म्हणाली. "आमच्याच दर्यात आमाला दिसलं नाय, ता ह्याला दिसलं. मंग आपलं आनिक काय काय दिसत असंल ह्याला?" तिने बांगडे मोजून दिले आणि ती गेली. सिस्टरांनी या भेटीवर लिहिलेली दीड पानं स्वतः कापायला सांगितली आणि तिथे तिचं म्हणणं घातलं.

नाताळ झाला. एक भेट उरली, नथनेलाची. ती मी तीन वेळा पुढे ढकलली होती. भाचीने तिकिटं काढल्याचं सिस्टरांनी शुक्रवारी सांगितलं आणि वही माझ्यापुढे उघडून ठेवली.

नथनेलाला त्याचा मित्र येशूकडे आणतो. येशू ज्या गावचा, त्या नासरेथमधून काही चांगलं येईल यावर नथनेलाचा विश्वास नाही. येशू त्याला येताना पाहून म्हणतो, हा कपट नसलेला माणूस. मला कुठून ओळखता, असं नथनेल विचारतो. मित्राने बोलवण्याआधी तू अंजिराच्या झाडाखाली होतास तेव्हा मी तुला पाहिलं, असं उत्तर येतं. तेवढ्यावर नथनेल त्याला देवाचा पुत्र आणि इस्राएलचा राजा म्हणतो.

"ही भेट कच्ची आहे," मी म्हणालो. "झाडाखाली तो काय करत होता ते दिलेलं नाही. नुसतं पाहिलं, एवढ्यावर माणूस असं म्हणेल का? शिवाय विषय येशू कोण हा आहे. इथे येशू समोरच्याबद्दलच बोलतोय."



"तुम्ही बदामाखाली बसायचात," सिस्टर म्हणाल्या.

मी विचारलं, कुठल्या बदामाखाली.

"वॉर्डाच्या मागच्या. सिमेंटच्या बाकावर. तुमच्या मिसेस आमच्याकडे होत्या ते अकरा दिवस. मी वरच्या मजल्यावर ड्यूटीला होते. एक वाजता तुम्ही डबा उघडायचात. मग कावळ्यांना घालायचात, सगळा. नंतर नळाखाली डबा धुवून वर यायचात. त्यांनी विचारलं की रिकामा डबा दाखवायचात."

हे मी कोणाला सांगितलेलं नव्हतं. पत्नीला ते कळलं नाही. ती बाराव्या दिवशी गेली, त्याला तेव्हा एकोणीस वर्षं झाली होती.

"मी इथे राहायला आलो तेव्हा ओळखलंत?"

"सामान उतरवत होतात तेव्हाच."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलं नाहीत." त्यांनी वही चाचपून माझ्याकडे सरकवली. "झाडाखाली काय होतं ते त्या दोघांना ठाऊक होतं. पुढचं वाचा, संपादक."

मी पुढचं वाचलं. समासात 'कारण अपुरं' असं पेन्सिलीने लिहिलं होतं, ते रबराने पुसलं. बाकी दुरुस्ती केली नाही. शनिवारी सगळं टाइप करून झालं. गुरुवारी पाचही बायकांना प्रती मिळाल्या. मूळ वही सिस्टरांनी माझ्याकडे ठेवायला दिली. आता ती आपल्याला वाचता येणार नाही, असं त्या म्हणाल्या.

सोमवारी भाची आली. मी त्यांच्या दोन बॅगा रिक्षात ठेवल्या आणि स्टेशनवर गेलो. गाडी उशिरा होती. आम्ही फलाटावरच्या बाकावर पन्नास मिनिटं बसलो. भाची पाणी आणायला गेली होती, तेवढा वेळ आम्ही दोघंच होतो. काय बोललो ते मी टिपून ठेवलं नाही आणि आता सांगता येत नाही. गाडी सुटली तेव्हा चार वाजत आले होते.