ऑपरेटरबाईंचे कान

रोज सकाळी चहाचं आधण ठेवायच्याही आधी मावशी बाहेरच्या खोलीतल्या फोनचा रिसीव्हर उचलायची, कानाला लावायची, आतला तो एकसुरी आवाज क्षणभर ऐकायची आणि रिसीव्हर परत ठेवून द्यायची. कुणाला फोन करायचा नसायचा. लाइन चालू आहे एवढं कळलं की तिचा दिवस सुरू व्हायचा. कधी लाइन बंद सापडली तर तक्रार नोंदवून होईपर्यंत घशाखाली चहा उतरत नसे. भाची तिला चिडवायची, "घरात दोन मोबाइल आहेत, त्या डबड्याची नाडी कशाला बघतेस रोज?"

"डबडंच ते," मावशी म्हणायची, "पण बोलतंय तोवर आपलं."

मावशीची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. तिने लग्न केलं नाही. मोठी बहीण अकाली गेली तेव्हा तिची शाळकरी मुलगी मावशीने आपल्या घरी आणली आणि वाढवली. ती ही भाची. लहानपणी सुट्टीत ती मावशीबरोबर एक्स्चेंजमध्ये जायची. उंच स्टुलांवर बायका ओळीने बसलेल्या, कानाला हेडफोन, समोर भोकाभोकांचा बोर्ड, हात सतत वायरी काढताहेत, घालताहेत. तिथले दोन नियम मावशीच्या हाडीमाशी मुरले होते. दोन माणसं जोडून दिली की आपला कान काढून घ्यायचा, आणि चुकून काही कानावर पडलंच तर ते तिथेच पुरायचं. दुसरा नियम, आपण स्वतः कुणाशी बोलायचं तर आधी आपण कोण, कुठून बोलतोय ते सांगायचं. निनावी फोनला मावशी फोनच मानत नसे. पहिल्या नियमामुळे अर्ध्या शहराची लग्नं, मयतं आणि भानगडी तिच्या पोटात होत्या. नातेवाईक जमले की कुणीतरी तिला डिवचायचंच, सांगा ना एखादी मसालेदार गोष्ट. मसाला संपलाय, असं म्हणून ती पदराने चष्मा पुसायची.

मावशीचं घर एकाला एक चिकटलेल्या घरांच्या रांगेत होतं. स्वयंपाकघराची भिंत शेजारच्या घराशी सामाईक. पलीकडे वकीलसाहेब आणि त्यांची बायको राहायची. तिला सगळी आळी वहिनी म्हणायची, आणि वहिनी मावशीला ताई म्हणायची. साहेब कोर्टात गेले, भाची कामाला गेली, की दुपारी भिंतीवर चमच्याच्या दांड्याने दोन टकटकी यायच्या. म्हणजे चहा टाकलाय, या. कधी इकडून दोन टकटकी जायच्या. दोन्ही घरांत मिळून चहाची गाळणी एकच होती. वहिनीची कधीची तुटली होती, आणि मावशीची ज्या घरात शेवटचा चहा झाला असेल त्या घरात असायची. नवी घ्यायचं दोघींनाही कधी सुचलं नाही.

वकीलसाहेब हळूहळू राजकारणात गेले. आधी नगरसेवक झाले. माणूस कामाचा होता, हे मावशीही मान्य करायची. आळीतल्या कुणाचं काही अडलं की त्यांचं दार उघडं. कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याचं दुकान रस्तारुंदीत जाणार होतं, ते साहेबांनी शब्द टाकून वाचवलं. भाषणात ते कधी आवाज चढवायचे नाहीत. पुढे पालिकेच्या निवडणुकीत पक्षाने त्यांचं नाव महापौरपदासाठी पुढे केलं आणि शहरभर त्यांचे फोटो लागले, हात जोडलेले, शेजारी वहिनी.

त्याच दिवसांत भिंतीवरच्या टकटकी कमी झाल्या. वहिनी आली तरी अर्धा कप टाकून उठायची. बाहेर गाडीचा आवाज झाला की तिचं बोलणं वाक्याच्या मधेच थांबायचं. मावशी काही विचारायची नाही. न विचारणं हा तिचा धर्मच होता.

एकदा दिवेलागणीच्या सुमाराला मावशी भाजी निवडत होती आणि भाची ओट्यापाशी उभी होती. पलीकडून साहेबांचा आवाज आला. तो भाषणातला नव्हता. मग काहीतरी आपटलं, काच फुटली आणि वहिनी ओरडली, "सोडा, हात सोडा माझा." परत काहीतरी आपटलं. या वेळी काच नव्हती.

मावशीने ताटातला चमचा उचलला आणि भिंतीवर दोनदा वाजवला. पलीकडून उत्तर नाही. तिने परत वाजवला. रांगेतल्या कुठल्याशा घरात टीव्हीचा आवाज एकदम मोठा झाला. घड्याळवाल्याच्या घराची खिडकी लागली.

भाची म्हणाली, जाऊ दे मावशी, त्यांच्या घरातलं आहे. मावशीने तिच्याकडे पाहिलं, पण ऐकलं असं वाटलं नाही. ती बाहेरच्या खोलीत गेली आणि तिने पोलिसांना फोन लावला. आधी स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, मग पत्ता, मग आपला नंबर, आणि मग जे सांगायचं ते. "शेजारच्या घरात बाईला मारहाण होतेय. मी पाहिलेलं नाही, ऐकलंय. लवकर या."

पोलीस आले. दार वहिनीनेच उघडलं. हातातून ट्रे निसटला, असं म्हणाली. साहेबांनी पोलिसांना बसा म्हटलं, पाणी विचारलं. पोलीस अदबीने उठून गेले.

गोष्ट इथेच विरली असती. पण पोलिसांकडे मावशीचं नाव-गाव होतं, आणि साहेबांच्या विरोधकांचा कुणीतरी तिथे बसलेला असणारच. सकाळी पेपरात पहिल्या पानावर बातमी आली, तक्रार करणाऱ्या शेजारणीच्या नावासकट. त्या संध्याकाळी आणखी कुणी फोन केलाच असेल, तर नाव न सांगता. नाव सांगून फोन करायची चूक करणारी अख्ख्या आळीत एकच बाई होती.

दारात कॅमेरे आले. आळीने कानांवर हात ठेवले. घड्याळवाले काका म्हणाले, दुकानात इतकी घड्याळं एकदम वाजतात, बाहेरचं काय ऐकू येणार. त्या वेळी दुकान बंद होतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाकीचे कुणी झोपले होते, कुणी गावाला गेले होते. ज्यांनी खिडक्या लावल्या तेच आता रस्त्यात मावशीला पाहून मान वळवू लागले. कुणी तिला वार्ताहर म्हणू लागलं. टीव्हीवर जाणती माणसं भांडत होती. नेत्याच्या घराचा उंबरा ओलांडायचा कुणाला हक्क आहे, असं एक जण विचारायचा. दुसरा म्हणायचा, शहराच्या किल्ल्या ज्याच्या हाती द्यायच्या तो बंद दाराआड कसा वागतो हे लोकांना कळायलाच हवं.

एका पोरगेल्या बातमीदाराने मावशीला दारातच गाठलं. हे सगळं मतदारांना कळावं म्हणून तुम्ही फोन केलात का, असं त्याने विचारलं. मावशीने त्याला आधी चपला दाराबाहेर काढायला लावल्या. मग म्हणाली, "ते कुणी नसते तरी मी फोन केला असता. ते कुणीतरी आहेत म्हणून तू आलायस."

भाचीला त्या दिवशी मावशीचा फार अभिमान वाटला. ऑफिसात लोक कुजबुजायचे, पण तिची मान ताठ होती.

पुढच्या दुपारी मागच्या दाराने वहिनी आली. लांब बाह्यांचं जुनं झंपर, केस नीट विंचरलेले, हातात गाळणी. गाळणी घासूनपुसून लख्ख केली होती. भाची त्या दिवशी घरीच होती. तिला पाहून वहिनी जरा थबकली, मग आत आली, पण बसली नाही.

"ताई, टीव्हीचा आवाज होता असं म्हणा ना."

मावशी म्हणाली, "हे त्यांनी सांगायला लावलं की तू सांगतेस?"

वहिनी गाळणीच्या जाळीवरून बोट फिरवत राहिली. मग म्हणाली, "सगळे कॅमेरे जातील ताई, मग घरात मी आणि ते. तुम्ही बोलत राहिलात की त्याची किंमत मी मोजते."

"निघून येतेस? आत्ता, अशीच?"

वहिनीने मान हलवली. नाही म्हणाली की आत्ता नाही म्हणाली, ते भाचीला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.

मावशीने तिच्या हातातून गाळणी घेतली. "बरं. मी म्हणते तसं. पण तू एक कर. माझा नंबर पाठ आहे ना? कधीही कर. काही बोलायला जमलं नाही तरी कर. मी उचलेन."

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅमेऱ्यांसमोर मावशी म्हणाली, टीव्हीचा आवाज असेल. वय झालं, कान गेलेत माझे. शहरभर तिचं हसं झालं. साहेबांनी मोठ्या मनाने सांगितलं की वृद्ध शेजारणीविषयी आपल्या मनात राग नाही.

भाची मात्र भडकली. ती म्हणाली, आयुष्यभर कधी चुकीचा नंबर जोडला नाहीस, आणि आज सगळ्यांसमोर खोटं बोललीस. उद्या लोक त्या माणसाला मत देणार. त्यांचं काय?

मावशी गाळणीने चहा गाळत होती. "लोकांना काय ऐकू येत नव्हतं? सगळी आळी ऐकत होती. त्यांना माझ्या साक्षीची गरज नाही गं. तिला त्या घरात राहायचंय."

"पण तू बरोबर होतीस."

"होते की. ते मला माहीत आहे, तिला माहीत आहे. बास झालं."

भाची तिच्याशी बरेच दिवस धड बोलली नाही.

साहेब निवडून आले, महापौर झाले. सामान सरकारी बंगल्यात हललं आणि शेजारच्या घराला कुलूप लागलं. आता एकदा कान गेलेत म्हटल्यावर ते निभावणं आलं. मावशीने ते निभावलं. भाजीवाली तिच्याशी ओरडून बोलायची, घड्याळवाले काका हातवारे करायचे, आणि मावशी तळहात कानामागे धरून "काय म्हणालात?" असं विचारायची. घरी आल्यावर म्हणायची, काकांचं मोठं घड्याळ मागे पडतंय, ठोके ओढून देतंय, सांगायची सोय नाही. एक्स्चेंजमधल्या जुन्या मैत्रिणी वर्षातून एकदा जमायच्या, तिथे जाणं तिने बंद केलं. त्यांच्यासमोर बहिरेपणाचं सोंग वठलं नसतं, आणि न वठवूनही चाललं नसतं.

पेपरात महापौरांचा फोटो आला की ती भिंग घेऊन बसायची. साहेबांवर भिंग थांबत नसे. शेजारच्या चेहऱ्यावर मात्र ते बराच वेळ असायचं. पुढे फोटोत साहेब एकटेच दिसू लागले. वहिनींची प्रकृती बरी नसते, असं कुणी म्हणे, तर कुणी म्हणे त्या परगावी दिलेल्या लेकीकडे असतात. मावशी पेपराची घडी घालायची, आणि सकाळी उठून रिसीव्हर उचलायची. भाचीने त्यावरून चिडवणं कधी सोडलं ते तिचं तिलाही कळलं नाही.

मग मावशीचे कान खरंच गेले.

आधी भाचीला वाटलं, घरातही सोंग करायची सवय लागली. पण एका सकाळी मावशी रिसीव्हर कानाला लावून खूप वेळ उभी राहिली. मग दुसऱ्या कानाला लावला. मग भाचीला हाक मारून तो तिच्यापुढे धरला. "बघ गं, वाजतोय का?" वाजत होता. भाचीने मान डोलावली. त्या दिवसापासून रोज सकाळी भाची रिसीव्हर उचलायची, ऐकायची, मान डोलवायची, आणि मावशी आधण ठेवायला जायची. कानाचं यंत्र आणलं होतं. त्यातून सगळा गोंगाटच येतो, माणसं येत नाहीत, असं म्हणून तिने ते डबीत ठेवून दिलं.

त्या हिवाळ्यात एका रविवारी दुपारी फोन वाजला. भाचीने उचलला. कुणी बोलेना. मागे भांड्याचाही आवाज नाही, फक्त श्वास. रॉंग नंबर म्हणून ती ठेवणार होती, तेवढ्यात पलंगावर मावशी उठून बसली. तिला काही ऐकू आलं नव्हतं, तिने भाचीचा चेहरा पाहिला होता. तिने हात पुढे केला.

रिसीव्हर कानाला लावून मावशी म्हणाली, "मी आहे." आणि गप्प राहिली. तिला काही ऐकू येत नव्हतं. तरी ती तशीच धरून राहिली, पाठ ताठ, नजर समोर, जशी पूर्वी स्टुलावर बसायची तशी. भाचीने वाकून आपला कान रिसीव्हरच्या पाठीला टेकवला. आतून बारीक टक आवाज आला, मग पुन्हा एकदा. लाइनचीच खरखर असेल, किंवा नखाने वाजवलं असेल. मग फोन बंद झाला.

भाचीने मावशीच्या मनगटावर बोटाने दोनदा वाजवलं.

मावशीने विचारलं नाही, नक्की का. तिने रिसीव्हर जागेवर ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन चहा टाकला. गाळणी हातात घेऊन भिंतीकडे तोंड करून बराच वेळ उभी राहिली. चहा उतू गेला.

त्यानंतर फोन आला नाही. थंडी ओसरायच्या आत मावशी झोपेतच गेली. आदल्या सकाळी भाचीला कामावर जायची घाई होती. तिने रिसीव्हर उचलला, ऐकला, मान डोलावली, ठेवला आणि चपला घालू लागली. मावशी भिंतीला धरत फोनपाशी आली, तिने रिसीव्हर चाचपून पाहिला आणि थोडा सरळ केला.

"नीट ठेवत जा गं," ती म्हणाली, "तिरका राहतो."