टेकाड हलणार नाही

वर्ध्याबाहेरच्या जुन्या गोल्फ मैदानाची डागडुजी करायला क्लबानं मला बोलावलं होतं. मैदानांची आखणी हाच माझा व्यवसाय. तिथं तिसऱ्या होलच्या, म्हणजे चेंडू घालायच्या खळगीच्या, तोंडाशी एक टेकाड होतं. सरळ मारलेला चेंडू त्यावर आपटून झुडपात जायचा, म्हणून अध्यक्षांना ते सपाट करून हवं होतं. मी स्वतः खेळून पाहिलं. डावीकडच्या नाल्याला चिकटून पहिला फटका मारायची हिंमत केली, की पुढची वाट मोकळी मिळत होती. जुन्या आखणाऱ्यानं टेकाड मुद्दाम ठेवलं होतं.

"मी ते काढणार नाही," मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जेसीबी आणला. मी सरळ टेकाडावर जाऊन बसले.

"काऊन जिद्द करून राह्यल्या, मॅडम? उठा ना," अध्यक्ष वैतागून म्हणाले.

"आधी नाल्याकडून मारून पाहा. मग उठते."

रागारागात त्यांनी चेंडू मारले. बरेच चेंडू नाल्यात गेले, मग एक काठावर नेमका थांबला. समोर होल मोकळा दिसत होता. त्यांनी जेसीबीवाल्याला हातानं जायची खूण केली. जेसीबी परत गेला, आणि उरलेलं काम त्यांनी दुसऱ्याला दिलं.

खेळणारे आजही त्या टेकाडाला शिव्या देतात. देऊ देत.