विनोद फायद्यात होता का?

विनोदला पोकर खेळताना मी एकदाही पाहिलेले नाही. पत्ते कसे पडले, कोणी कोणाला गंडवले, यातले काहीच मी डोळ्यांनी पाहिले म्हणून सांगू शकत नाही. मी पाहिले ते फक्त नंतरचे हिशेब.

विनोद माझा धाकटा भाऊ, हिंगणघाटच्या एका जिनिंग कारखान्यात कापसाची प्रत ठरवणारा ग्रेडर; काम हंगामी, दर दिवाळीच्या सुमारास तिथून बोलावणे येई. मी वर्ध्याला कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. नोकरी सोडून मोबाइलवर पोकरच्या टूर्नामेंट खेळायच्या, असे त्याच्या मनाने घेतले होते. ग्रेडरची जागा एकदा गेली की परत मिळत नाही, हे त्याची बायको अर्चना जाणून होती. तिने एकच अट घातली, "ताईनं हिशेब पाहून हो म्हटलं, तं सोडा."

तेव्हापासून रविवारी मी हिंगणघाटला जाऊ लागले आणि किस्से साठू लागले. पत्ते खेळणाऱ्या मंडळींत ते साठतातच. जिंकलेल्याला सांगायचे असते आणि हरलेल्याला समजावून सांगायचे असते!

*

पहिल्याच रविवारी विनोदने जाहीर केले, "ताई, या महिन्यात वीस हजार जिंकलो!"

"एंट्री किती भरली?"

टूर्नामेंटमध्ये आधी एंट्री भरावी लागते. डावावर लावायचे सगळे चिप्स गेले की पुन्हा भरून पुन्हा बसता येते. विनोद एकेका टूर्नामेंटला तीन-तीनदा बसत असे.

"एंट्री तं लागतेच ना! लग्नाले गेलं का आहेर द्या लागते. तो का कोणी तोटा धरते?"

अर्चना आतून म्हणाली, "जेवाले एकदा बसते अन् आहेर तीनदा देते, त्याचा तोटाच धरा लागते!"

एंट्री वजा केली. वीस हजारांतले जे उरले, ते विनोदने मोठ्याने वाचले नाही.

*

विनोदला या खेळाची ओळख करून दिली गजूभाऊने. त्याचे देवळीला मोबाइलचे दुकान आहे.

"मॅडम, आपला परतावा तीनशे टक्के हाय!" तो म्हणाला.

मी निकाल मागितले. त्याने एका टूर्नामेंटचा दाखवला.

"बाकीच्या?"

"बाकी प्रॅक्टिस होती."

"प्रॅक्टिस आहे हे खेळण्याआधी ठरवले होते?"

"नाई. हारल्यावर समजलं ना!"

माझ्या विद्यार्थ्यांनी नापास झाल्यावर पुष्कळ कारणे दिली आहेत. ती परीक्षा नव्हतीच, असे मात्र अजून कोणी म्हटलेले नाही.

*

तासाला काय पडते, हा प्रश्न अर्चनाचा. रोजंदारीच्या भागात वाढलेल्या बाईला तो आधी सुचणारच. विनोद एका वेळी चार टूर्नामेंट लावत असे आणि प्रत्येकीचे तास वेगळे मोजत असे. बेरीज केली तेव्हा एका रविवारचे तास तीसच्या वर गेले.

"बाप्पा!" अर्चना म्हणाली. "अन् मले म्हणते, गहू दळून आणाले टाइम नाई!"

*

मग नमुना किती मोठा हवा, यावरून वाद झाला. मी म्हटले, चाळीस टूर्नामेंटवरून काही सिद्ध होत नाही, शेकड्यांनी लागतील.

विनोद चिडला. "मी गाडीतला मूठभर कापूस पाहून रुईचा उतारा, म्हणजे रुई किती निघन ते सांगतो. त्यावर शेठ अख्ख्या गाडीचा भाव काढते. तुले चाळीस कमी पडून राह्यले?"

"मूठ एकाच जागेची घेतोस?"

"एका जागेची काऊन घेईन? लोकं वर पांढरा ठेवते अन् खाली कवडी, डागी कापूस दाबते. वरून, मधातून, खालून घ्या लागते."

"मग तुझ्या टूर्नामेंटची खालची मूठ दाखव."

विनोद उठून अंगणात गेला. चहा निवला तरी आला नाही.

*

पुढच्या खेपेला त्याने सगळे निकाल दाखवले. नफा होता, पण तो एकाच निकालातून आलेला, एका मोठ्या टूर्नामेंटमधल्या दुसऱ्या क्रमांकातून. मी तो बाजूला काढला. उरलेला सगळा तोटा होता.

"असं कसं?" विनोद म्हणाला. "वेचणीतला चांगला कापूस काढून टाकायचा, अन् मंग म्हणायचं का पीक नाई झालं!"

त्या दिवशी आलेल्या गजूभाऊने त्याला टाळी दिली. विनोद बरोबर बोलत होता. या खेळात चांगल्या खेळाडूचाही नफा अशा मोजक्या मोठ्या निकालांतूनच येतो. नशीबवान माणसाचाही तसाच येतो. फरक कळायला पुष्कळ खेळावे लागते आणि तेवढ्यात घर बुडू शकते.

अर्चनाने विचारले, "म्हणजे हो का नाई?"

"अजून सांगता येत नाही," मी म्हटले. तिने माझ्याकडे पाहिले ते, पावसाचा अंदाज सांगणाऱ्याकडे लोक पाहतात तसे.

*

शेवटी असे ठरले की, मार्चपासून दिवाळीपर्यंत विनोदने प्रत्येक टूर्नामेंट सुरू होण्याआधी मला कळवायची. प्रॅक्टिस नाही, विसरणे नाही. तोवर नोकरी सोडायची नाही. तो प्रामाणिकपणे कळवत राहिला, हे मला नमूद केले पाहिजे.

ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली. अ‍ॅपवरच्या टूर्नामेंट थांबल्या. विनोदने नाव घातलेली एक तर सुरूच झाली नाही. तिची एंट्री परत आली.

"जिंकलंच धरा!" गजूभाऊ म्हणाला.

"जाऊ द्या," अर्चना म्हणाली. "जिनिंग तं हाय ना." त्या दिवशी इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच तिने मला जेवल्याशिवाय जाऊ दिले नाही.

कापसाचा हंगाम तोंडावर आला तरी बोलावणे येईना, म्हणून तिनेच जिनिंगच्या मुनीमजींना फोन लावला. मी समोर होते, फोन स्पीकरवर होता. मुनीमजी म्हणाले, "यंदा नवा माणूस घेतला बाई. विनोदभाऊनं तं मागेच फोन करून नाई म्हटलं."

"मागे म्हणजे कधी?"

"मागे म्हणजे... मागेच."

तिने फोन ठेवला. विनोद दारात उभा होता. ती ओरडली नाही. मलाच म्हणाली, "ताई, यायनं नाई म्हटलं तवा हे जिंकून राह्यलते, का हारून राह्यलते?"

मी त्याच्या नफ्या-तोट्याचा आलेख उघडला. एप्रिलअखेर तो नफ्यात होता, जूनमध्ये तोट्यात, बंदी आली तेव्हा शून्यापाशी.

"कोणता महिना, विनोद?" मी विचारले.

"आता काय करतं ताई त्याचं!" तो म्हणाला आणि चपला घालून बाहेर पडला.

त्याने फोन कोणत्या महिन्यात केला, हे अर्चनाला अजून कळलेले नाही. मलाही नाही.