शेगडी आंगनात नेली त्या दुपारी

त्या दुपारी घरात कोन कोन हुतं ते आदी सांगते. मी, माजी नातसून, तिची सा दिसाची पोरगी, माजा नातू, आन दारात हुबी सरकारी दवाखान्याची आशाताई. शेगडीबी धरा, कारन माज्या खालोखाल तिचंच राज्य हुतं. मी सांगते ते नातू लिवून घेतोय. त्या दिशी माज्यापुढं त्याच्या तोंडातून शबूद निगाला न्हाई, आता लिवताना हसतोय.

नातसुनेला आई न्हाई. माजा पोरगा आन सून ऊस तोडाया गेल्ते. म्हंजी बाळातपनाची सगळी सत्ता माज्या हातात. खिडकी गच्च लावली, बाजंखाली शेगडी पेटवली. दवाखान्यातनं घरी आनल्यापासून आशाताई दोनदा आली, दोन्ही बारीला मी दारातनंच परत लावली. वर तिला ऐकवलं, माजी चार बाळातपनं उसाच्या फडावर पाचटाच्या कोपीत झाली, आठव्या दिशी मोळ्या बांदत हुते. ही गोष्ट मी इतकी सांगितलीय, की आता कोंबड्याबी उठून जात्यात.

त्या दिशी नातसुनेला हुडहुडी भरली. मला वाटलं शेक कमी पडतोय. कोळसं वाढवलं. परत हुडहुडी, परत कोळसं. घामानं मीच निथळत हुते, आन त्याला सेवा समजत हुते.

तिसऱ्या बारीला आशाताई न इचारता आत आली. नातसुनेच्या कपाळाला हात लावला, म्हनली अंग तापलंय. मी म्हनले, शेकानं तापनारच.

ती भांडली न्हाई. "आजी, शेगडी आंगनात न्या, खिडकी उगडा. अर्धा तास मी हितंच बसते. शेकाचं आसंल तर उतरंल."

मला आनंद झाला. म्हनलं आता हिची जिरती. नातवाला शेगडी उचलाया लावली, च्या ठेवला, घड्याळाकडं बघत बसले. मला घड्याळ कळत न्हाई, तरी बघत हुते. शेगडी गार झाली. नातसून न्हाई झाली. आशाताईनं तिच्या काखंत थर्मामीटर लावलं, एकशेतीन ताप.

मग नातसून आशाताईला हळूच म्हनली, दोन दिस झालं, खालच्या कापडाला घान वास येतोय. मी इचारलं, मला का न्हाई बोललीस?

"तुमी परत मोळ्यांचं सांगितलं आसतं, आजी."

तवा मला माजी धाकली जाऊ आठवली. फडावर बाळंत हून आशीच कापत हुती. आमी बाया तिला शेकत राह्यलो. ती गेली. थंडी बादली, आसं म्हनून आमी मोकळ्या झालो. माज्या मोळ्या मी जलमभर सांगितल्या, तिचं कदी न्हाई सांगितलं.

आशाताईनं बोलावलेली गाडी आली, नातसुनेला तालुक्याच्या दवाखान्यात नेली. गर्भपिशवीत जंतू झाल्तं, पाच दिस सलाईन लावली, मग ताप उतरला. डॉक्टरीनबाईनं इचारलं, आजी, इतका उशीर का केला? बोट दाखवाया तितं शेगडीबी नव्हती.

वाचनाऱ्यानं माजं येवडं ऐकावं. घरात बाळंतीन आसंल आन आशाताई आली, तर तिला आत घ्या. घरातल्या म्हातारीला घटकाभर भायेर बसवा, आन बाळंतिनीला बोलू द्या.